पी/ई गुणोत्तराची पंचवीस वर्षे : इन्फोसिसच्या आकड्यांतून

समभागाच्या बाजारभावाला त्या समभागामागच्या वार्षिक नफ्याने भागले की पी/ई गुणोत्तर मिळते. प्रति समभाग नफ्याला बाजारात ‘ईपीएस’ म्हणतात. मार्च २०२५ अखेर इन्फोसिसचा समभाग सुमारे १,५७० रुपयांना होता आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा ईपीएस होता साधारण ६४.५० रुपये. भागाकार २४ च्या किंचित वर येतो. म्हणजे बेंगळुरूच्या या कंपनीच्या वर्षाकाठच्या एक रुपया नफ्यासाठी गुंतवणूकदार २४ रुपये मोजत होते. हाच हिशेब उलट केला, १०० ला २४ ने भागले, तर चार टक्क्यांच्या आसपास परतावा दिसतो. त्या वेळी बँकेच्या मुदत ठेवीवर सात टक्क्यांच्या आगेमागे व्याज मिळत होते. हातचे सात सोडून माणूस चार टक्के पत्करतो, कारण ठेवीचे व्याज ठरलेले असते आणि कंपनीचा नफा वाढत जाईल अशी त्याची अटकळ असते. पी/ईच्या आकड्यात आजचा नफा असतोच. पण त्याहून जास्त जागा उद्याच्या नफ्याबद्दलच्या या अटकळीने व्यापलेली असते.

एका दिवसाचा पी/ई पाहून समभाग स्वस्त की महाग हे ठरवून टाकण्याची सवय सार्वत्रिक आहे. ती किती फसवी आहे हे पाहायला बेंगळुरूच्या बाहेर जावे लागत नाही. मार्च २०२४ अखेरचे भाव आणि त्याच आर्थिक वर्षाचा नफा घेतला तर मुख्यालय बेंगळुरूत असलेल्या कॅनरा बँकेचा पी/ई सातच्या घरात होता, इन्फोसिसचा चोविसाच्या जवळपास आणि टायटनचा नव्वदीच्याही पुढे. शहर एक, दिवस एक, बाजार एक आणि तीन आकड्यांत तेरापटींची तफावत. यावरून कॅनरा बँक फुकटात मिळत होती आणि टायटनवाले वेडे होते असे कोणी म्हणू लागला तर त्याने दोन्ही कंपन्यांचा धंदाच पाहिलेला नाही. सरकारी बँकेचा नफा थकीत कर्जांच्या एका लाटेत वाहून जाऊ शकतो, हे बाजाराने पाहिलेले आहे; २०१७-१८ मध्ये कॅनरा बँकेला ४,२०० कोटींहून अधिक तोटा झाला होता. टायटन ही टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांची १९८४ पासूनची कंपनी. सोनाराच्या पेढीवर होणारी खरेदी हळूहळू तनिष्कच्या दुकानांकडे वळत राहील आणि हे अनेक वर्षे चालेल, असा बाजाराचा तिच्याबद्दल समज आहे. बँकेच्या पी/ईची तुलना दागिने विकणाऱ्या कंपनीशी करून हाती काही लागत नाही.

तुलना करायचीच तर दोन ठिकाणी करता येते : त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी किंवा त्याच कंपनीच्या जुन्या वर्षांशी. दुसरी तुलना जास्त बोलकी असते. धंदा तोच, हिशेबाची पद्धत बहुतांशी तीच, आणि बदलली ती मुख्यतः बाजाराची अपेक्षा. या तुलनेसाठी इन्फोसिससारखी दुसरी कंपनी भारतात शोधून सापडणार नाही. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी स्थापन केलेली ही कंपनी १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिने ९५ रुपये भावाने जनतेला समभाग देऊ केले. त्या विक्रीला पुरेसा प्रतिसादही मिळाला नव्हता. उरलेल्यातला मोठा वाटा मॉर्गन स्टॅन्लीने उचलला. जूनमध्ये बाजारात नोंदणी झाली तेव्हा समभाग १४५ रुपयांना उघडला. मार्च १९९९ मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात पोहोचली. तोवर भारतात नोंदलेली एकही कंपनी तिथे गेली नव्हती.

नॅसडॅकनंतरचे वर्ष हा या इतिहासातला सर्वांत शिकवणारा तुकडा आहे. १९९९-२००० मध्ये कंपनीचा नफा सुमारे २९३ कोटी रुपये झाला, आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक. ३१ मार्च २००० रोजी सगळ्या समभागांचे मिळून बाजारमूल्य होते ५९,३३८ कोटी. भागाकार करून पाहिला तर पी/ई दोनशेच्या वर जातो. (मार्चच्या सुरुवातीला भाव याहूनही चढे होते.) दोनशेचा पी/ई म्हणजे परतावा अर्धा टक्का. त्या भावात समभाग घेणाऱ्याची अपेक्षा नफा नुसता वाढण्याची नव्हती. तो वर्षानुवर्षे दुप्पट होत राहावा लागणार होता. भाव जागचा न हलता पी/ई २५ वर यायचा तर नफा आठपट व्हायला हवा, म्हणजे लागोपाठ तीनदा दुप्पट.

आणि पहिल्या वर्षी तो खरोखरच दुप्पट झाला. २०००-०१ मध्ये कंपनीने सुमारे ६२९ कोटी कमावले. एवढ्या मोठ्या अपेक्षेला कंपनी उतरली तरी ३१ मार्च २००१ रोजी बाजारमूल्य होते २६,९२६ कोटी, म्हणजे निम्म्याहून कमी. पी/ई दोनशेवरून ४३ वर आला होता. कंपनीच्या कामात खोट निघाली नव्हती. अमेरिकेत डॉट-कॉम कंपन्या कोसळल्या होत्या, इन्फोसिसचे बहुतेक ग्राहक अमेरिकेत होते, आणि नफ्याची ही दौड पुढच्या वर्षी टिकणार नाही हे बाजाराला कळून चुकले होते. बाजाराचा होरा बरोबर निघाला. नंतरच्या दोन वर्षांत वाढीचा वेग २८ टक्के आणि मग १९ टक्के असा खाली आला. दुसऱ्या एखाद्या कंपनीने त्यासाठी पेढे वाटले असते. इन्फोसिसच्या बाबतीत ती उतरण होती.

मार्च २००५ अखेर बाजारमूल्य पुन्हा ६१,०७३ कोटींवर पोहोचले. मधल्या काळात, २००४ मध्ये, एका समभागामागे तीन बक्षीस समभाग मिळाले होते. ते धरून हिशेब केला तर २००० च्या मार्चअखेरचा सुमारे ८,९७० रुपयांचा भाव नव्या समभागात २,२४३ रुपये होतो. मार्च २००५ अखेरचा भाव त्याच्या दहा-पंधरा रुपये इकडेतिकडे. पाच वर्षांत कंपनीचा नफा सहापटीहून अधिक झाला आणि समभाग जागच्या जागी राहिला. पी/ई २०२ वरून ३३ च्या आसपास आला आणि नफ्याची सगळी वाढ त्या उतरणीने गिळून टाकली. लाभांश मिळाले, २००४ मध्ये प्रति समभाग १०० रुपयांचा खास लाभांशही दिला गेला. पण नऊ हजार रुपये गुंतवून बसलेल्याला पाच वर्षांनी त्यातून काय समाधान मिळणार? त्याच पैशांची मुदत ठेव केली असती तर तो जास्त सुखात राहिला असता.

या पाच वर्षांमागचे गणित साधे आहे. भाव म्हणजे ईपीएस गुणिले पी/ई. भावातला कोणताही बदल या दोन घटकांत फोडता येतो : कंपनीने किती जास्त कमावले आणि त्या कमाईला बाजाराने किती पट मोल दिले. पहिला घटक कंपनीच्या कार्यालयात घडतो, दुसरा बाजारात. समभाग तिप्पट झाला एवढीच बातमी सहसा कानावर येते. त्यातला किती भाग कशाचा हे कोणी सांगत नाही. ते स्वतः काढावे लागते, आणि त्याला दोन भागाकारांपलीकडे काही लागत नाही.

तीच फोड कोरोनाकाळावर करून पाहता येते. मार्च २०२० अखेर, टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात, इन्फोसिस सुमारे ६४१ रुपयांना होती आणि सरलेल्या वर्षाचा ईपीएस होता ३९ च्या जवळ. पी/ई साडेसोळा. दोन वर्षांनी, मार्च २०२२ अखेर, भाव १,९०७ रुपये, म्हणजे जवळजवळ तिप्पट. या दोन वर्षांत ईपीएस मात्र ५२.५० पर्यंतच गेला. वाढ ३५ टक्क्यांची. उरलेला सगळा पल्ला पी/ईने गाठला. तो साडेसोळावरून ३६ वर गेला होता. घरून काम सुरू झाल्यावर जगभरच्या कंपन्यांनी संगणकीकरणावर पैसे ओतले, त्यामुळे अपेक्षा वाढल्या हे एक कारण. दुसरे व्याजदराचे. रिझर्व्ह बँकेने मे २०२० मध्ये रेपो दर चार टक्क्यांवर आणला आणि पुढची दोन वर्षे तिथेच ठेवला. अमेरिकेत तर मध्यवर्ती बँकेचा व्याजदर शून्याला टेकला होता. ठेवीवर पाच टक्के मिळत असतील तर समभागाच्या तीन टक्क्यांकडे माणूस सोशीकपणे पाहतो. ठेवीवर सात मिळू लागले की तोच आकडा बोचू लागतो. मे २०२२ पासून रेपो दर चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर पोहोचला. मार्च २०२३ अखेर इन्फोसिसचा पी/ई २५ च्या आत आलेला होता. मार्च २०२२ ते मार्च २०२५ या तीन वर्षांत ईपीएस सुमारे २३ टक्क्यांनी वाढला आणि समभाग जवळपास १८ टक्क्यांनी उतरला. २००० ते २००५ चीच ही कथा, आकाराने लहान.

उलटी कथाही याच कंपनीत सापडते. मार्च २००७ मध्ये तीसच्या आसपास असलेला पी/ई जागतिक आर्थिक संकटानंतर, मार्च २००९ अखेर, तेराच्याही खाली गेला. त्या वर्षी नफा वाढलाच होता, सुमारे सहा हजार कोटींपर्यंत. पण लेहमन ब्रदर्स बुडून सहा महिने झाले होते आणि इन्फोसिसच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बँका व वित्तसंस्थांकडून येत होता. पुढच्या वर्षी नफा जेमतेम वाढला, तरी मार्च २०१० अखेर समभाग दुपटीच्या जवळ गेला होता. बाजाराची धास्ती कमी झाली एवढ्यावर तो जवळपास दुप्पट झाला.

धास्ती किंवा अपेक्षा एका दिवसातही बदलते. इन्फोसिस एप्रिलच्या मध्याच्या सुमारास सरलेल्या वर्षाचे निकाल आणि पुढच्या वर्षाचा अंदाज एकत्र जाहीर करत आली आहे. १० एप्रिल २००३ रोजी तो अंदाज बाजाराच्या अपेक्षेपेक्षा कमी निघाला आणि समभाग एका दिवसात सुमारे २७ टक्के कोसळला. १२ एप्रिल २०१३ रोजी कंपनीने डॉलरमधल्या उत्पन्नात सहा ते दहा टक्के वाढीचा अंदाज दिला. त्या दिवशी घसरण सुमारे २१ टक्क्यांची होती. दोन्ही वेळा मागच्या वर्षाचा नफा वाढलेलाच होता. म्हणजे भागाकारातला छेद जागच्या जागी आणि अंश एक चतुर्थांशाने खाली. म्हणूनच विश्लेषक दोन पी/ई वापरतात : सरलेल्या चार तिमाहींच्या नफ्यावरचा, ज्याला ‘ट्रेलिंग’ म्हणतात, आणि येत्या वर्षाच्या अंदाजित नफ्यावरचा, म्हणजे ‘फॉरवर्ड’. फॉरवर्ड पी/ई सहसा सुखावह दिसतो, कारण अंदाज करणारे स्वभावाने आशावादी असतात. बातमीत नुसता ‘पी/ई १८’ असे लिहिलेले असेल तर तो यातला कोणता, हे विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये. ट्रेलिंगमधला नफा निदान लेखापरीक्षकाच्या नजरेखालून गेलेला असतो.

अर्थात गेलेल्या वर्षाच्या नफ्यातही गोम असू शकते. इन्फोसिसचा २०१७-१८ चा नफा सुमारे १६,००० कोटी आणि २०१८-१९ चा सुमारे १५,४०० कोटी. वरवर पाहता नफा घटला. प्रत्यक्षात डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या करखात्याशी एक करार झाला होता, त्यामुळे पूर्वी करासाठी बाजूला ठेवलेले १,४३२ कोटी रुपये कंपनीने परत नफ्यात धरले. ही रक्कम काढून टाकली तर आदल्या वर्षाचा नफा साडेचौदा हजारांच्या आसपास येतो आणि घटीच्या जागी वाढ दिसते. असा एकदाच आलेला पैसा छेदात राहिला तर पी/ई विनाकारण कमी दिसतो आणि समभाग स्वस्त वाटतो. एकदाच झालेला मोठा खर्च याच्या उलट करतो. ईपीएसचा आकडा तयार मिळतो, पण त्यात काय काय मिसळले आहे हे वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये असते. हा मजकूर कंटाळवाणा असतो हे खरे, तरी अहवालातली रंगीत पाने सोडून आधी तोच वाचावा.

बक्षीस समभाग आणि समभाग विभाजन यांनी पी/ई बदलत नाही. एकाचे दोन झाले की भाव निम्मा होतो, ईपीएसही निम्मा होतो आणि भागाकार तोच राहतो. गोंधळ होतो तो एक आकडा जुना आणि दुसरा नवा घेतल्याने. इन्फोसिसने १९९४ पासून २०१८ पर्यंत इतक्या वेळा बक्षीस समभाग दिले आणि २००० च्या सुमारास दर्शनी मूल्य दहावरून पाच रुपयांवर आणले, की १९९३ च्या विक्रीत घेतलेल्या एका समभागाचे २०१८ पर्यंत १,०२४ झाले. मुख्यालय आता बेंगळुरूत असलेल्या विप्रोची गोष्ट खानदेशात घरोघरी सांगितली जाते. १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या या कंपनीचे समभाग ज्या कुटुंबांनी विकले नाहीत, त्यांच्याकडचे मूठभर समभाग वाढत वाढत किती झाले, याच्या कहाण्या तिथे ऐकायला मिळतात. अशा कंपनीचा जुना छापील भाव आणि आजचा ईपीएस एकत्र आणला तर भलताच पी/ई तयार होतो. मूल्य वाढते ते नफ्यामुळे. बक्षीस समभाग हा कागदावरचा भागाकार आहे.

समभागांची पुनर्खरेदी मात्र ईपीएस खरोखर बदलते. २०१७ च्या अखेरीस इन्फोसिसने १,१५० रुपये भावाने ११.३ कोटी समभाग परत विकत घेतले आणि त्यासाठी १३,००० कोटी खर्चले. एकूण समभागांपैकी सुमारे पाच टक्के नाहीसे झाले. नफा एका रुपयानेही न वाढता तो कमी समभागांत वाटला गेल्याने ईपीएस पाच टक्क्यांच्या आसपास चढतो. खर्चलेल्या रकमेवर बँकेत जे व्याज मिळत होते ते गेले, तेवढी वजावट. २०१९, २०२१ आणि त्यानंतरही कंपनीने पुनर्खरेदी केली. त्यामुळे लांब पल्ल्याच्या तक्त्यात ईपीएसची वाढ आणि एकूण नफ्याची वाढ शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागते.

मोजपट्टीच बदलल्याचे एक ठळक उदाहरण राष्ट्रीय शेअर बाजाराने दिले आहे. निफ्टी निर्देशांकाचा पी/ई काढताना मार्च २०२१ पर्यंत कंपन्यांचा एकल नफा धरला जाई, म्हणजे उपकंपन्यांची कमाई वगळून. ३१ मार्च २०२१ पासून एकत्रित नफा धरला जाऊ लागला आणि निर्देशांकाचा पी/ई एका दिवसात सुमारे ४० वरून ३३ वर आला. बाजार त्या दिवशी स्वस्त झाला नव्हता. निफ्टीच्या पी/ईचा वीस वर्षांचा आलेख दाखवून ‘सध्या सरासरीच्या खाली’ असे सांगणाऱ्याने या तारखेचा उल्लेख केला नाही, तर त्याचा आलेख बाजूला ठेवावा.

आतापर्यंतचे सगळे विवेचन अशा कंपनीबद्दल झाले जिचा नफा वेग बदलत का होईना, वाढत राहतो. पोलादाच्या धंद्यात हे चालत नाही. बळ्ळारी जिल्ह्यात तोरणगल्लूजवळ जेएसडब्ल्यू स्टीलचा विजयनगर कारखाना आहे. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असले तरी हा तिचा सर्वांत मोठा कारखाना कर्नाटकात आहे. २०२१-२२ मध्ये पोलादाचे भाव भडकले आणि कंपनीने जवळपास २१,००० कोटी रुपये नफा मिळवला. मार्च २०२२ अखेर समभाग ७३३ रुपयांच्या आसपास, पी/ई साडेआठ. पुढच्या वर्षी युक्रेन युद्धाने कोकिंग कोळसा महागला, मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावले आणि नफा सुमारे ४,१०० कोटींवर घसरला. मार्च २०२३ अखेर भाव ६८८ च्या आसपास होता, म्हणजे फारसा हललेला नव्हता. पी/ई मात्र चाळीस झाला. त्यापुढच्या वर्षी नफा ९,००० कोटींजवळ गेला, समभाग ८३० च्या आसपास पोहोचला आणि पी/ई २३ वर आला.

साडेआठ पाहून स्वस्त म्हणून घेणारा वर्षाअखेरीस तोट्यात राहिला आणि चाळीस पाहून महाग म्हणून दूर राहिलेल्याची वीस टक्क्यांची कमाई हुकली. चक्राकार धंद्यात नफा शिखरावर असताना छेद फुगतो, म्हणून पी/ई सर्वांत कमी दिसतो. नफा तळाला असताना छेद आक्रसतो, म्हणून तो सर्वांत जास्त दिसतो. बाजार पुढचे वर्ष पाहत असतो. शिखर टिकणार नाही आणि तळही टिकणार नाही हे त्याला माहीत असल्याने भाव नफ्याइतका उड्या मारत नाही.

यावर तोडगा जुना आहे. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये लिहिलेल्या ‘सिक्युरिटी अ‍ॅनॅलिसिस’ या ग्रंथात एका वर्षाच्या नफ्याऐवजी अनेक वर्षांची, निदान पाच आणि शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी घ्यावी असे सुचवले. रॉबर्ट शिलर आणि जॉन कॅम्पबेल यांनी १९८८ मध्ये तीच कल्पना महागाईचा हिशेब धरून अमेरिकेच्या संपूर्ण बाजाराला लावली. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाल्यावर ती सर्वतोमुखी झाली. जेएसडब्ल्यू स्टीलच्या २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांच्या नफ्याची सरासरी ९,००० कोटींच्या थोडी वर येते. ती धरली तर मार्च २०२२ चा पी/ई १९ आणि मार्च २०२३ चा १८ होतो. साडेआठ आणि चाळीस या दोन टोकांपेक्षा हे आकडे धंद्याच्या वस्तुस्थितीला कितीतरी जवळचे आहेत. मात्र हा उपाय इन्फोसिसच्या २००० सालच्या आकड्यांना लावणे व्यर्थ आहे. ज्या कंपनीचा नफा दरवर्षी दुप्पट होतो तिची दहा वर्षांपूर्वीची कमाई सरासरीत धरून काही कळत नाही.

नफाच नसेल तर पी/ई नसतो. शून्याने किंवा ऋण आकड्याने भागून आलेल्या उत्तराला अर्थ नाही, म्हणून तक्त्यात ती जागा मोकळी सोडतात. कॅनरा बँकेच्या आलेखात २०१८ च्या आसपास अशी खिंडारे दिसतात. बेंगळुरूच्या नव्या कंपन्यांत तर हा नित्याचा प्रकार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ३९० रुपये भावाने समभाग विकून बाजारात आलेल्या स्विगीला त्याआधीच्या आर्थिक वर्षात सुमारे २,३५० कोटींचा तोटा झाला होता. अशा वेळी विश्लेषक नफ्याऐवजी विक्रीशी भावाची तुलना करतात. तोटा संपून पहिला किरकोळ नफा दिसतो त्या वर्षी पी/ई एकदम शेकड्यांत उगवतो. त्या आकड्याला घाबरण्यात अर्थ नाही आणि भाळण्यातही नाही.

एखाद्या कंपनीचा पी/ई कालानुक्रमे मांडायचा तर दहा वर्षांचे मार्चअखेरचे भाव, त्या त्या वर्षाचा एकत्रित ईपीएस, दोन्ही आजच्या समभागसंख्येत बदललेले, आणि शेजारी एकदाच आलेल्या रकमांसाठी एक रकाना, एवढे पुरते. मधला आकडा काढताना सरासरीपेक्षा मध्यक घ्यावा. इन्फोसिसचे मार्च २००० ते मार्च २००४ हे पाच पी/ई साधारण २०२, ४३, ३१, २८ आणि २६ असे येतात. त्यांची सरासरी ६६ आणि मध्यक ३१. पाचांपैकी एकाही वर्षी पी/ई ६६ च्या आसपास फिरकलेला नाही, तरी सरासरीवर विसंबणाऱ्याला मार्च २००१ चे ४३ स्वस्त वाटले असते. तेव्हा घेतलेला समभाग दोन वर्षांनीही खरेदीभावाच्या आसपासच होता.

किती वर्षांचा कालखंड घेतला यावरही ‘नेहमीचा पी/ई’ ठरतो. इन्फोसिसच्या आलेखाची सुरुवात २००० पासून केली तर नंतरची सगळी वर्षे स्वस्त दिसतात, २००९ पासून केली तर बरीचशी महाग दिसतात. त्यात कंपनीही तीच राहिलेली नसते. २००० मध्ये २९३ कोटी कमावणारी कंपनी २०२४-२५ मध्ये २६,७०० कोटींवर कमावत होती. एवढ्या मोठ्या रकमेला दरवर्षी दुप्पट होणे शक्य नाही, म्हणून तिचा दोनशेचा पी/ई परत येण्याची वाट पाहण्यात हशील नाही. तुलनेसाठी तीच वर्षे निवडावीत जेव्हा नफ्याच्या वाढीचा वेग आजच्यासारखा होता आणि व्याजदरही फार वेगळे नव्हते. अशी वर्षे दहांपैकी तीन-चार निघतात आणि तेवढी पुरतात.